वर्गात शिकवता शिकवता शोध लावता येतो का? डेव्हिड पॅटरसन यांच्या कारकिर्दीच्या आधाराने एक उत्तर

तालुक्याच्या ठिकाणच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सात वर्षे संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एका सहायक प्राध्यापकांनी विचारले आहे की, आठवड्याला १६ ते १८ तासिका घेणाऱ्या माणसाला शोधकर्ता होता येते का? त्यांच्या नावावर चार पेटंट ‘प्रकाशित’ आहेत, तरीही आपण कसला शोध लावला आहे असे त्यांना स्वतःला वाटत नाही. नोकरी सोडून कंपनी काढल्याखेरीज हे जमायचे नाही, असे सहकारी त्यांना सांगतात. ते कितपत खरे आहे आणि त्या चार अर्जांचे पुढे काय करावे, असे त्यांचे आणखी दोन प्रश्न आहेत.

माझी अध्यापनातली ३१ वर्षे संगणकाची रचना आणि मायक्रोप्रोसेसर हे दोनच विषय शिकवण्यात गेली. त्यामुळे या विषयांतल्या ज्या प्राध्यापकाची कारकीर्द मला सर्वांत जवळून वाचता आली, तिच्याच आधाराने उत्तर देतो.

आधी एक शब्द स्पष्ट करून घेऊ. मराठीत शोध लागतो आणि शोध लावलाही जातो. आधीपासून असलेली गोष्ट सापडली तर तिचा शोध लागतो; नसलेली गोष्ट कोणी घडवली तर त्याने शोध लावला असे आपण म्हणतो. अलीकडे आपल्या महाविद्यालयांत तिसराच प्रकार रूढ झाला आहे, ज्यात शोध नुसता ‘दाखल’ होतो. तुमच्या मनातली अस्वस्थता या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे आणि ती योग्यच आहे.

डेव्हिड पॅटरसन यांचा जन्म १९४७ सालचा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. घराण्यात पदवीधर होणारे ते पहिलेच. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते गणित शिकत होते. हवा असलेला गणिताचा एक वर्ग रद्द झाला म्हणून त्यांनी प्रोग्रॅमिंगचा वर्ग घेतला आणि पुढचे सगळे आयुष्य त्या वळणावर गेले. पीएचडी करत असताना काही वर्षे त्यांनी ह्यूज एअरक्राफ्ट या कंपनीत नोकरीही केली. १९७६ मध्ये पीएचडी झाल्यावर ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रुजू झाले आणि सुमारे ४० वर्षे तिथेच शिकवून २०१६ मध्ये निवृत्त झाले. या काळात त्यांच्या गटांतून रिस्क (सोप्या सूचनांचा प्रोसेसर), रेड (अनेक लहान डिस्क एकत्र जोडण्याची रीत) आणि रिस्क-फाइव्ह (प्रोसेसरसाठी सर्वांना मोकळा असलेला सूचनांचा संच) ही तीन कामे बाहेर पडली. आपल्या खिशातला मोबाइल, बँकेचा सर्व्हर आणि चेन्नईत आखलेला प्रोसेसर यांच्यापर्यंत या कामांचे धागे येतात. तिन्हींपैकी एकासाठीही त्यांनी वर्ग सोडला नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. बर्कलीला अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा पैसा होता, जगभरातून निवडून आलेले पीएचडीचे विद्यार्थी होते आणि तासाभराच्या अंतरावर सिलिकॉन व्हॅली होती. आपल्याकडे यांपैकी काहीही नाही, हे मी विसरलेलो नाही. म्हणून त्यांच्या यशाशी तुलना करण्यात अर्थ नाही. त्यांच्या कामाची रीत मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण तिला पैसा फारसा लागत नाही.

बर्कलीत गेल्यावर पॅटरसन आधी एक्स-ट्री नावाच्या प्रकल्पात सामील झाले. अनेक प्रोसेसर झाडाच्या फांद्यांसारखे जोडून एक प्रचंड यंत्र बांधायचे अशी ती कल्पना होती. हाती असलेल्या साधनांच्या मानाने ती फारच मोठी होती आणि त्यांनी तिच्यातून अंग काढून घेतले. नव्या प्राध्यापकाने चालू प्रकल्प सोडणे तिथेही सोपे नसते. पण ज्या प्रकल्पाच्या शेवटी प्रत्यक्ष चालणारी वस्तू दिसत नाही, त्यात वर्षे घालवायची नाहीत, हा त्यांचा पहिला मोठा निर्णय ठरला.

त्यानंतर १९७९ मध्ये रजा घेऊन ते डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या कंपनीत काही महिने कामाला गेले. डेकचे व्हॅक्स हे त्या काळचे नावाजलेले यंत्र होते. त्याच्या सूचनासंचात, म्हणजे यंत्राला थेट समजणाऱ्या आज्ञांच्या यादीत, तीनशेच्या आसपास सूचना होत्या, आणि त्यांतल्या गुंतागुंतीच्या सूचना पार पाडण्यासाठी यंत्राच्या पोटात मायक्रोकोड नावाचा आणखी एक सूक्ष्म प्रोग्रॅम असे. व्हॅक्स ११/७८० मध्ये हा मायक्रोकोड प्रत्येकी ९६ बिटांच्या ५१२० शब्दांचा होता. एवढ्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये चुका राहणारच, आणि त्या कशा कमी कराव्यात हे पाहण्याचे काम पॅटरसन यांच्याकडे होते. परत आल्यावर त्यांनी शोधनिबंध लिहिला की, सूक्ष्म चिपवर असेच यंत्र बांधायचे असेल तर विकल्यानंतरही मायक्रोकोडची दुरुस्ती करता येईल अशी सोय त्यात ठेवावी लागेल. निबंध नाकारला गेला. परीक्षकांचे म्हणणे असे होते की, जिच्यात अशी दुरुस्ती लागणार, ती चिप बांधण्याची पद्धतच मुळात चुकीची आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी अशा वेळी परीक्षकांना नावे ठेवून निबंध दुसरीकडे पाठवला असता. मीही तेच केले असते, किंबहुना एकदोनदा केलेले आहे. पॅटरसन यांना मात्र विचार करता करता पटले की परीक्षकांचेच बरोबर आहे. दुरुस्ती लागेल एवढा गुंतागुंतीचा सूचनासंच चिपवर घालायचाच कशाला? नाकारलेल्या निबंधातून निघालेला हा प्रश्न म्हणजे रिस्कची सुरुवात. रिस्क म्हणजे कमी आणि सोप्या सूचनांचा संगणक. हे नाव १९८० च्या सुमारास बर्कलीतच रूढ झाले.

ही कल्पना किती साधी आहे ते एका समीकरणात दिसते, आणि दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी ते फळ्यावर पहिल्याच दिवशी लिहीत असे. प्रोग्रॅम चालायला लागणारा वेळ म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार: किती सूचना पार पाडल्या, प्रत्येक सूचनेला प्रोसेसरच्या घड्याळाचे सरासरी किती ठोके लागले आणि एक ठोका किती वेळाचा. त्या काळचे अभियंते पहिली संख्या कमी करण्याच्या मागे होते; एकाच सूचनेत जितके जास्त काम होईल तितके चांगले, असे मानले जाई. पण तसे करताना दुसरी संख्या फुगते, हे मोजून पाहिल्याशिवाय कळत नाही. पुढे डेकच्याच अभियंत्यांनी मोजले तेव्हा व्हॅक्स ११/७८० ला एका सूचनेमागे सरासरी १०.६ ठोके लागतात असे निघाले. सोप्या सूचना वापरल्या तर त्यांची संख्या वाढते हे खरे, पण प्रत्येकीला जेमतेम दीडएक ठोका लागत असेल तर गुणाकार शेवटी लहानच येतो.

पॅटरसन आणि डेव्हिड डिट्झेल यांनी १९८० मध्ये ही बाजू मांडणारा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा डेकच्या डग्लस क्लार्क आणि विल्यम स्ट्रेकर यांनी त्याच सुमारास तिचा प्रतिवादही छापला. वाद बरीच वर्षे चालला. १९९१ मध्ये त्याच क्लार्क यांनी दिलीप भांडारकर यांच्याबरोबर दोन्ही प्रकारची, अंतर्गत बांधणीने सारखी असणारी यंत्रे समोरासमोर ठेवून मोजमाप केले. रिस्क यंत्राला सुमारे दुप्पट सूचना लागल्या, पण जुन्या पद्धतीच्या यंत्राला एका सूचनेमागे जवळजवळ सहापट ठोके लागले. हिशेब केला तर रिस्क जवळजवळ तिप्पट वेगवान. प्रतिपक्षाने स्वतः मोजून निर्णय दिला आणि तो छापलाही, हे मला या सगळ्या कथेतले सर्वांत देखणे दृश्य वाटते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाशी थेट संबंध असलेला भाग. रिस्कची पहिली चिप बनली कुठे? बर्कलीच्या वर्गात. पॅटरसन आणि त्यांचे सहकारी कार्लो सेकिन यांनी १९८० पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची एक मालिकाच लावली. एका सत्रात विद्यार्थ्यांनी कल्पना तपासून पाहायची, पुढच्यात आराखडा करायचा, त्यापुढे तो चिपवर उतरवायचा. गृहपाठ म्हणजेच संशोधन. आराखडे एकत्र करून चिप बनवून देणारी सरकारी मदतीची सेवा तेव्हा नुकतीच सुरू झाली होती, तिच्याकडून चिप आली. रिस्क-एकमध्ये ३१ सूचना आणि ४४,४२० ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपवरचे सूक्ष्म स्विच, होते. त्या काळच्या मोटोरोला ६८००० या प्रोसेसरमध्ये सुमारे ६८,००० होते. त्यानंतरची रिस्क-दोन चिप मानोलिस काटेव्हेनिस आणि रॉबर्ट शेरबर्न या दोन विद्यार्थ्यांची. तिच्यात ३९ सूचना होत्या आणि ट्रान्झिस्टर आणखी कमी, ४०,७६०. मोठमोठ्या कंपन्यांत शेकडो अभियंते जे करत होते त्याच्याशी टक्कर देणारी वस्तू मूठभर विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बनवली. १९८२ मध्येच विद्यापीठाने पॅटरसन यांना उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार दिला, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

श्रेयाची एक बाजू इथेच सांगायला हवी. सोप्या सूचनांचे यंत्र सर्वांत आधी बांधले ते आयबीएममध्ये जॉन कॉक यांच्या गटाने. ८०१ नावाचे ते यंत्र १९७० च्या दशकातले. पुढे रेडच्या बाबतीतही आयबीएमच्याच नॉर्मन ओउची यांचे १९७८ चे पेटंट आधीचे निघते. म्हणजे ‘सर्वांत आधी कोणाला सुचले’ एवढीच कसोटी लावली तर पॅटरसन दोन्हीकडे दुसरे ठरतात. तरी जग त्यांना ओळखते, कारण त्यांनी कल्पनेला नाव दिले, तिचे मोजमाप केले, निकाल उघडपणे छापले आणि ती शिकवली. माझ्या मते प्राध्यापकाची शोधकर्ता म्हणून खरी ताकद या चार कामांत असते. तुमच्या चार प्रकाशित पेटंटांत यांपैकी किती आहे, ते तुम्हीच पाहा.

कंपनी काढण्याविषयी. त्याच काळात स्टॅनफर्डमध्ये जॉन हेनेसी हेही याच कल्पनेवर मिप्स नावाचा प्रोसेसर बनवत होते. हेनेसी यांनी १९८४ मध्ये मिप्स कंपनी उभी केली, मग ते विद्यापीठात परतले आणि पुढे २००० ते २०१६ या काळात स्टॅनफर्डचे अध्यक्षही झाले. पॅटरसन यांनी कंपनी न काढता सन मायक्रोसिस्टिम्सला सल्ला दिला. सनचा स्पार्क हा प्रोसेसर बर्कलीच्या रिस्कवरूनच आला. इंग्लंडमधल्या एकॉर्न कंपनीतल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी बर्कलीचे छापलेले निबंध वाचले आणि १९८५ मध्ये आर्म ही चिप चालवून दाखवली; तिच्या वंशातले प्रोसेसर आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत. हेनेसी आणि पॅटरसन यांना २०१७ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, एकत्र मिळाला. दरवर्षी बनणाऱ्या १६ अब्जांहून अधिक प्रोसेसरांपैकी ९९ टक्के रिस्क पद्धतीचे असतात, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. एकाने कंपनी काढली, दुसऱ्याने नाही, आणि दोघे एकाच व्यासपीठावर पोचले. तेव्हा सहकाऱ्यांचे म्हणणे चूक आहे. कंपनी काढण्याचा स्वभाव असेल तर जरूर काढा. पण शोध लावण्यासाठी ती अट आहे असे समजू नका.

रेडची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण एका साध्या अडचणीतून शोध कसा निघतो हे त्यात फार स्वच्छ दिसते. १९८७ च्या सुमारास मोठ्या यंत्रांसाठी आयबीएमची ३३८० ही कपाटाएवढी डिस्क होती, क्षमता ७५०० मेगाबाइट. त्याच वेळी पर्सनल कॉम्प्युटरसाठी १०० मेगाबाइटच्या छोट्या, स्वस्त डिस्क मिळू लागल्या होत्या. पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी विचार केला की, एका राक्षसाऐवजी अशा ७५ किंवा १०० लहान डिस्क एकत्र जुंपल्या तर? सगळ्या एकदम वाचतील, म्हणून वेग मिळेल. पण एका लहान डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर १०० डिस्कच्या समूहातली एखादी सरासरी दर ३०० तासांनी बिघडणार. म्हणजे दोन आठवडेसुद्धा धड नाहीत. कल्पना इथेच मेली असती.

तोडगा अंकगणितातला आहे. समजा, तीन डिस्कवर अनुक्रमे १०११, ०११० आणि ११०० असे बिट आहेत. चौथ्या डिस्कवर प्रत्येक स्तंभाची बेरीज सम असेल तर ० आणि विषम असेल तर १ लिहायचा. तो येतो ०००१. आता दुसरी डिस्क जळाली असे समजा. उरलेल्या १०११, ११०० आणि ०००१ यांवर स्तंभवार तोच नियम चालवा. येते ०११०, म्हणजे गेलेली डिस्क जशीच्या तशी परत. हा प्रयोग मी वर्गात चार विद्यार्थ्यांच्या हातात पाट्या देऊन करत असे. एकाला बाहेर पाठवायचे आणि त्याच्या पाटीवर काय होते ते उरलेल्यांनी सांगायचे. प्रत्येक वर्षी कोणीतरी विचारतोच की, दोन डिस्क एकदम गेल्या तर काय? तो प्रश्न आला की तास सार्थकी लागला असे मी समजत असे. १९८८ च्या त्या निबंधाने अशा रचनांना पायऱ्या आणि क्रमांक दिले, आणि तेच क्रमांक आजही सर्व्हर विकत घेताना दुकानदार बोलून दाखवतो. जाता जाता एक गंमत: रेड (RAID) या इंग्रजी आद्याक्षरांच्या नावातला आय हा मूळचा ‘स्वस्त’ या अर्थाच्या शब्दाचा होता. स्वस्त म्हणून माल विकणे विक्रेत्यांना परवडेना, म्हणून त्यांनी तो ‘स्वतंत्र’ या अर्थाचा करून टाकला.

१९९० मध्ये हेनेसी आणि पॅटरसन या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून संगणकरचनेचे पाठ्यपुस्तक लिहिले, ज्यात मतांऐवजी मोजमापावर भर होता. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ही दोन नावे पुस्तकाच्या पाठीवरूनच ठाऊक असतात. शोध नंतर कळतात. पाठ्यपुस्तक लिहिणे म्हणजे संशोधनातून निवृत्ती असा आपल्याकडे एक समज आहे. रिस्कचा विचार हजारो अभियंत्यांच्या डोक्यात शिरला तो मात्र याच पुस्तकातून, हे लक्षात ठेवावे.

त्यांच्या प्रयोगशाळांची शिस्तही सांगण्यासारखी आहे. प्रकल्प साधारण पाच वर्षांचा, मग तो बंद म्हणजे बंद. प्राध्यापक आणि विद्यार्थी एकाच मोकळ्या दालनात. वर्षातून दोनदा सगळ्यांनी तीन दिवस बाहेरगावी जायचे, उद्योगातल्या लोकांना बोलवायचे आणि शेवटी त्यांच्याकडून तोंडावर टीका ऐकून घ्यायची. वाईट कारकीर्द कशी करावी यावर पॅटरसन एक उपरोधिक व्याख्यान देत. आपण चुकीचे ठरूच शकणार नाही अशी कामे निवडा आणि लोकांचा अभिप्राय टाळा, असे त्यात सल्ले होते. ऐकताना हसू येते, मग आपली पदोन्नतीची फाइल आठवते.

तिसरे काम रिस्क-फाइव्ह, म्हणजे बर्कलीच्या रिस्क मालिकेतले पाचवे. २०१० मध्ये बर्कलीतले प्राध्यापक क्रस्ते असानोविच यांना आणि अँड्र्यू वॉटरमन व युनसप ली या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी आणि शिकवण्यासाठी एक सूचनासंच हवा होता. बाजारातले संच एकतर अवाढव्य होते किंवा परवान्यात अडकलेले, म्हणून उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत स्वतःचाच करू असे ठरले. प्रत्यक्षात चार वर्षे लागली. मध्येच एक विचित्र गोष्ट घडली. अभ्यासक्रमासाठी संचात काही बदल केले की, कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या. आपल्या वर्गातला संच बाहेर कोणीतरी वापरत आहे, हे त्या तक्रारींतून कळले. सूचनासंच सर्वांना मोकळा असावा, अशी भूमिका असानोविच आणि पॅटरसन यांनी २०१४ मध्ये मांडली आणि २०१५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. त्याचा लाभ आपल्यालाही झाला. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा वेगा हे दोन्ही प्रोसेसर याच मोकळ्या संचावर बांधलेले आहेत. मूळ संचात पन्नासाहूनही कमी सूचना आहेत, म्हणून एखाद्या सत्रात दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही तो समजून घेऊ शकतो. आपल्या कित्येक प्रयोगशाळांत अजून ८०८६ या जुन्या प्रोसेसरच्या किटवरच परीक्षा होते, याचे मला वाईट वाटते.

आता माझे स्वतःचे दोन अनुभव, एक लाजेचा आणि एक बरा.

लाजेचा असा की, एका महाविद्यालयात नोकरीला असताना मूल्यांकन समिती येण्याआधी घाईघाईने पेटंटचे अर्ज करण्यात आले, आणि ‘स्वयंचलित कचराकुंडी’च्या अर्जावर आठ शोधकर्त्यांत पाचवे नाव माझे होते. कुंडी कधीही बनली नाही. मी सही केली, कारण सगळ्यांनी केली. दोन वर्षांनी एका विद्यार्थ्याने ती कुंडी पाहायला मागितली, तेव्हा मी त्याला काहीतरी सांगून वाटेला लावले.

बरा अनुभव भारनियमनाच्या काळातला, २००६ च्या आसपासचा. आमच्या प्रयोगशाळेत २० संगणक होते आणि दर आठवड्याला कुठला ना कुठला वीजपुरवठ्याचा भाग जळायचा. वीज अचानक जाते म्हणून नुकसान होते असे सगळे म्हणत, आणि मोठा यूपीएस मागण्याचा प्रस्ताव तयार होता. मी तृतीय वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना एक वही दिली आणि महिनाभर प्रत्येक वेळची नोंद करायला सांगितली: वीज कधी गेली, कधी आली, काय बिघडले. वहीवरून कळले की, जवळजवळ सगळे बिघाड वीज येताना होत होते. वीस संगणक आणि त्यांचे जुने काचेचे मॉनिटर एकदम चालू होत, स्टॅबिलायझरवर झटका बसे आणि दुबळा भाग जळे. मुलांनी एक मायक्रोकंट्रोलर (छोटी नियंत्रक चिप) आणि काही रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडून, वीज आल्यावर दर १५ सेकंदांनी एकेक टेबल चालू करणारा डबा बनवला. खर्च यूपीएसच्या मानाने नगण्य. पेटंट नाही, निबंधही नाही. पण शेजारच्या दोन महाविद्यालयांनी आराखडा मागून नेला. मी लावलेला शोध कोणता असे कोणी विचारले, तर मी तो डबा सांगतो, आणि त्यातही डब्याच्या आधी ती वही.

१६ तासिका असलेल्या माणसाला माझा सल्ला म्हणूनच असा आहे. वेगळा वेळ शोधू नका, तो सापडणार नाही. जो विषय शिकवता त्याच्याच प्रात्यक्षिकात एक न सुटलेला प्रश्न घाला. संगणकरचना शिकवत असाल तर रिस्क-फाइव्हचा फुकट मिळणारा सिम्युलेटर, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घ्या. एका तुकडीने प्रोग्रॅममधल्या सूचना प्रकारवार मोजायच्या, पुढच्या तुकडीने त्या मोजणीवरून एक नवी सूचना सुचवायची, त्यापुढच्या तुकडीने ती एफपीजीए बोर्डवर (आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर) उतरवून गुणाकार खरेच लहान होतो का ते पाहायचे. तीन वर्षे लागतील. दोनदा निष्पन्न काहीच होणार नाही, हेही धरून चाला. तपासायला बाहेरचा माणूस बोलवा. जवळच्या एमआयडीसीतला एखादा अनुभवी अभियंता अर्ध्या दिवसात जे दोष दाखवतो ते विभागातले सहकारी संकोचाने वर्षभर दाखवत नाहीत. पीएचडीचा विषय यातूनच काढता आला तर उत्तम, कारण दोन घोड्यांवर बसून तुम्ही कुठेच पोचणार नाही.

शेवटी त्या चार अर्जांविषयी. आपल्या कायद्यात अर्ज दाखल केल्यावर १८ महिन्यांनी तो आपोआप प्रकाशित होतो, आणि शुल्क भरून विनंती केली तर त्याआधीही होतो. प्रकाशित होणे म्हणजे अर्ज लोकांना वाचायला खुला होणे, एवढेच. त्यात काही नवे आहे असे त्यावेळी कोणीही तपासलेले नसते. तपासणीसाठी वेगळी विनंती करावी लागते. पूर्वी त्यासाठी ४८ महिने मिळत, १५ मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना ३१ महिने मिळतात. मुदतीत विनंती केली नाही तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. शिवाय निव्वळ संगणक प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम यांना आपल्याकडे कलम ३ मधील उपकलम (के) नुसार पेटंट मिळत नाही, तेव्हा चारांपैकी किती अर्ज त्या चाळणीत टिकतील ते आधी पाहा. जे उपकरण प्रत्यक्ष बनवून चालवलेले असेल, त्याच्या अर्जासाठी तपासणीची विनंती जरूर करा. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे. जे बनलेलेच नाही त्याची मुदत निघून जाऊ द्या. आणि यापुढे काही खरोखर बनले आणि त्याचे पेटंट घ्यावेसे वाटले, तर निबंध किंवा प्रदर्शन यांच्या आधी तात्पुरता अर्ज करा. संपूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात, आणि तेवढ्या काळात एका तुकडीचे प्रात्यक्षिक पुरे होते.